दूर बसून एकत्र काम : टीम कशाने जुळते, कशाने तुटते

पणजी : मध्यरात्री छातीत कळ आली म्हणून घरचे लोक एखाद्याला पेडणे किंवा डिचोली तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात घेऊन येतात. ड्युटीवर एक डॉक्टर, एक नर्स. हृदयरोगतज्ज्ञ तिथे नसतो. तो असतो बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या गोमेकॉत. पेडण्याहून निघालं तर मध्ये म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल आणि किमान पाऊण-एक तासाची वाट. हृदयाची धमनी पूर्ण बंद झाली असेल तर तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत जातो.

याच अडचणीवर गोव्यात २०१८-१९ पासून ‘स्टेमी गोवा’ प्रकल्प राबवला जात आहे. आरोग्य केंद्रात रुग्णाचा ईसीजी काढला जातो, तो लगेच दूर बसलेल्या तज्ज्ञांपर्यंत पोचतो, ते वाचून उत्तर देतात. झटका मोठा असल्याचं नक्की झालं की रक्ताची गाठ विरघळवणारं टेनेक्टेप्लेससारखं इंजेक्शन आरोग्य केंद्रातच दिलं जातं आणि मग १०८ रुग्णवाहिका रुग्णाला घेऊन बांबोळीकडे निघते. पुढची अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी गोमेकॉत होते.

यात काम करणारी नर्स, डॉक्टर, तज्ज्ञ, रुग्णवाहिकेतला कर्मचारी आणि कॅथलॅबमधली माणसं एका छपराखाली नसतात. काहींनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नसतं. तरी सगळ्यांचं काम एकच आणि एकाचं चुकलं तर सगळ्यांचं फसतं. ‘व्हर्च्युअल टीम’ हा शब्द ऐकला की लॅपटॉप आणि आयटी कंपनी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तिचं चांगलं उदाहरण तालुक्याच्या आरोग्य केंद्रात सापडतं.

आज पेडणे, डिचोली, सत्तरी, दोडामार्ग, सावंतवाडी, खानापूर या पट्ट्यातले कितीतरी तरुण-तरुणी पुण्या-मुंबईच्या, बंगळुरूच्या किंवा परदेशातल्या कंपन्यांचं काम घरी बसून करतात. त्यांच्यासाठी हा विषय पुस्तकी नाही. दूरची टीम नीट चालली तर गावात राहून नोकरी टिकते. नाही चालली तर पुन्हा बॅग भरायची.

व्हर्च्युअल टीम म्हणजे नेमकं काय?

वेगवेगळ्या ठिकाणी बसलेली, पण एकाच कामासाठी एकमेकांवर अवलंबून असलेली आणि फोन, ईमेल, व्हिडिओ कॉल यांच्या आधारे काम करणारी माणसं म्हणजे व्हर्च्युअल टीम. यात ‘एकमेकांवर अवलंबून’ हे महत्त्वाचं. दोनशे जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप ही टीम नव्हे. घरून एकट्यानं भाषांतर किंवा टायपिंग करून पाठवणारा माणूसही टीममध्ये असेलच असं नाही.

ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेत जॅक निल्स यांनी १९७३ मध्ये ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द वापरला. माणसाला कामाकडे नेण्याऐवजी काम माणसाकडे न्यावं, असा त्यामागचा विचार होता. घराघरांत ते पोचलं मात्र २५ मार्च २०२० च्या लॉकडाऊननंतर. झूमवर रोज मीटिंगला हजर होणाऱ्यांचा आकडा डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे १ कोटी होता, तो एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेला.

कोकणाला आणि गोव्याला मात्र दूर राहून एकत्र काम करण्याची सवय त्याआधीचीच आहे. सिंधुदुर्गातल्या गावागावांचं एक ‘मुंबई मंडळ’ असे आणि एक गावातलं मंडळ. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, उत्सवाचा खर्च या गोष्टी पोस्टकार्ड आणि मनीऑर्डरवर चालत. गोव्यातल्या गावांची मुंबईत ‘कूड’ असे. बोटीवर जाणारे तारवटी तिथे उतरत, गावची खबरबात तिथे मिळे. ही मंडळं चालली ती दोन गोष्टींवर. हिशेबाची वही सगळ्यांसमोर वाचली जाई आणि चतुर्थीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात माणसं समोरासमोर येत. जिथे हिशेब लपला किंवा भेट थांबली, तिथे मंडळात दोन तट पडले. साधनं बदलली तरी ही गोष्ट आजही तशीच आहे.

हृदयविकाराच्या टीमकडून काय शिकावं?

‘स्टेमी’सारखी व्यवस्था घड्याळाच्या काट्याशी बांधलेली असते. तिची घडण पाहिली तर कुठल्याही दूरस्थ टीमला लागू पडतील अशा पाच गोष्टी दिसतात.

पहिली, प्रश्न एकच आणि नेमका. ‘पेशंट सीरियस आहे, काय करू?’ असा निरोप आला तर समोरचा दहा प्रश्न विचारणार. ‘वय इतकं, दुखणं सुरू होऊन दोन तास, ईसीजी जोडला आहे, इंजेक्शन देऊ का?’ या निरोपाला एका वाक्यात उत्तर देता येतं.

दुसरी, सगळ्यांच्या समोर एकच कागद. आरोग्य केंद्रातला डॉक्टर ईसीजीचं वर्णन करत बसत नाही, ईसीजीच पाठवतो. दोघं एकाच आलेखाकडे पाहून बोलतात. ऑफिसच्या कामात याच्या उलट होतं. एकाकडे फाइलची जुनी प्रत, दुसऱ्याकडे नवी, आणि अर्धा तास वाद चालतो तो दोन वेगळ्या कागदांवर.

तिसरी, निर्णय कुणाचा ते आधीच ठरलेलं. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. एका डॉक्टरने दुसऱ्याचा दूरवरून सल्ला घेतला तरी उपचार करणारा डॉक्टर पहिलाच राहतो आणि जबाबदारीही त्याचीच, असं त्यात स्पष्ट आहे. सल्ला देणारा कोण आणि ठरवणारा कोण, हे रात्री दोन वाजता ठरवायचं नसतं.

चौथी, उत्तराला वेळेची मुदत. या उपचारात उत्तर काही मिनिटांत यावंच लागतं. सगळ्याच कामांना इतकी घाई नसते, पण ‘उत्तर कधीपर्यंत’ हे प्रत्येक कामात ठरवता येतं. चार तासांत, आज संध्याकाळपर्यंत की सोमवारी, एवढं कळलं तरी वाट पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागत नाही.

पाचवी, निरोप पोचल्याची पोच. भारतीय रेल्वेत स्टेशन मास्तर आणि फाटकावरचा गेटमन फोनवर बोलतात तेव्हा ‘फाटक बंद केलं’ एवढं पुरत नाही. ‘प्रायव्हेट नंबर’ दिला जातो आणि तो वहीत लिहिला जातो. ऐकलं, समजलं आणि केलं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रेल्वेनं फार पूर्वीच ओळखलं. व्हॉट्सअॅपच्या दोन निळ्या रेघा म्हणजे फक्त पाहिलं. समजलं की नाही, ते त्या रेघा सांगत नाहीत.

टीम जुळवणाऱ्या गोष्टी

*एकदा तरी समोरासमोर भेट.* शक्य असेल तर टीम सुरू होतानाच दोन दिवस सगळ्यांनी एकत्र बसावं. आवाजामागचा चेहरा माहीत असला की तुटक मेसेज उद्धट वाटत नाही. ‘त्याची बोलायची पद्धतच तशी’ असं म्हणून सोडून देता येतं. भेट शक्यच नसेल तर पहिल्या आठवड्यातलं वागणं महत्त्वाचं. सिर्का यार्वेनपा आणि डोरोथी लाइडनर या अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतल्या, कधीच न भेटलेल्या विद्यार्थ्यांच्या टीम अभ्यासल्या. त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. अशा टीममध्येही विश्वास पटकन बसू शकतो, पण तो नाजूक असतो. तो टिकतो वेळेवर उत्तर देण्याने आणि कबूल केलेलं काम करण्याने. नुसत्या गोड बोलण्याने नाही.

*लिहून ठेवण्याची सवय.* ऑफिसात चहाच्या टपरीवर, जिन्यात, शेजारच्या टेबलावर बरंच काही कानावर पडतं. ते कुणी मुद्दाम सांगत नाही, तरी कळतं. दूर बसलेल्याला ते कळत नाही. थॉमस अॅलन यांनी १९७७ च्या पुस्तकात इंजिनिअर मंडळींचा अभ्यास मांडला. टेबलांमधलं अंतर वाढत गेलं तसं बोलणं झपाट्याने कमी होत गेलं, आणि साधारण पन्नास मीटरपलीकडे तर लोक फारसे बोलेनातच. एकाच इमारतीत ही गत, तर पेडणे आणि पुण्याचं काय? म्हणून प्रत्येक मीटिंगनंतर तीन ओळी लिहायच्या : काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. त्या एकाच ठरलेल्या जागी ठेवायच्या. नवा माणूस आला तर त्याला मागचं सगळं तिथे वाचता आलं पाहिजे.

*कुठलं बोलणं कुठे, याचा नियम.* साधी माहिती मेसेजवर. विचार करून उत्तर द्यायचं असेल ते ईमेलवर. मतभेद, नाराजी, चूक दाखवणं हे फोनवर किंवा व्हिडिओवर, आणि तेही सगळ्यांसमोर नाही. भांडण लिहून मिटत नाही. लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलं जातं आणि दर वाचनात जास्त बोचतं.

*एकत्र येण्याचे ठरलेले तास.* दिवसभर सगळ्यांनी ऑनलाइन दिसायची गरज नसते. रोजचे दोन-तीन तास असे ठरवावेत की ज्यात प्रत्येकजण हमखास सापडेल. बाकी वेळ ज्याचं त्याचं काम. त्यामुळे घरचं दळण, पोराची शाळा, बँकेचं काम उरकता येतं आणि कामही अडत नाही.

*कामावरून मोजमाप.* स्क्रीनसमोर किती तास बसला यावर नजर ठेवली की लोक बसून राहतात. काम काय झालं ते विचारलं की काम होतं. माऊस हलतोय का ते पाहणारा वरिष्ठ माणूस आणि ‘गुरुवारी काय हातात मिळेल’ असं विचारणारा वरिष्ठ माणूस, यांच्या टीम सहा महिन्यांत वेगळ्या दिसू लागतात.

टीम तोडणाऱ्या गोष्टी

*समोरच्याची परिस्थिती न दिसणं.* कॅथरीन क्रॅम्टन यांनी २००१ मध्ये दूरदूरच्या विद्यार्थ्यांच्या १३ टीमवर अभ्यास प्रसिद्ध केला. टीम बिघडल्या त्या बऱ्याचदा माणसं वाईट होती म्हणून नव्हे, तर एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्यालाही माहीतच असेल असं धरून चालल्याने. कुणाची परीक्षा होती, कुणाकडे सुट्टी, कुणाला मेलच पोचला नव्हता. पलीकडच्याने मात्र अर्थ काढला : आळशी आहे, बेजबाबदार आहे. आपल्याकडे हेच होतं. पावसात झाड तारांवर पडून सकाळपासून लाइट नाही, हे पेडण्यातल्या मुलीला माहीत. पुण्यातल्या मॅनेजरला दिसतो तो फक्त ‘ऑफलाइन’ हा शब्द.

*गप्प बसणं.* समोरासमोर माणूस गप्प बसला तर चेहरा बोलतो. दूरवर गप्प बसण्याचे पाच अर्थ होतात : मान्य आहे, मान्य नाही, समजलं नाही, पाहिलंच नाही, राग आलाय. त्यात आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलायचं नाही हा संस्कार. ‘सर’ बोलले की बाकीचे माइक बंद करून बसतात. मीटिंग संपली की मग दोघं-तिघं आपापसात फोन करतात, ‘हे जमणारच नाही’. म्हणून जाणत्या वरिष्ठाने आपलं मत शेवटी सांगावं आणि आधी सगळ्यांत ज्युनिअर असलेल्याला नावाने विचारावं.

*गोलमाल शब्द.* फोनवरचा ‘हो, हो’ म्हणजे ‘ऐकतोय’ असतो, पलीकडचा त्याला ‘कबूल’ समजतो. ‘बघतो’ याचा अर्थ करतो, करणार नाही किंवा विसरलो तर आठवण कर, यातलं काहीही. ‘परवा’ हा शब्द मराठीत मागेही जातो आणि पुढेही. हिंदीतलं ‘कल’ही तसंच. गोव्यातला माणूस ‘फाल्यां’ म्हणतो, घाटावरच्याला ते ‘उद्या’ असल्याचं कळेलच असं नाही. मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी, कन्नड अशा मिसळीच्या टीममध्ये उपाय साधा आहे : तारीख आणि वेळ आकड्यात लिहायची. ‘परवा दुपारी’ नको, ‘१४ तारीख, ३ वाजता’ हवं.

*मीटिंगवर मीटिंग.* स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली : अगदी जवळून रोखलेल्या नजरा, सतत स्वतःचाच चेहरा दिसणं, एका जागी खिळून बसणं आणि हावभाव कळण्यासाठी डोक्याला पडणारा ताण. ज्या कॉलमध्ये नुसती माहिती द्यायची आहे तो कॉल लिहून भागवता येतो. जो घ्यायचाच आहे त्यात प्रत्येक वेळी कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती नको.

*अर्धे खोलीत, अर्धे पडद्यावर.* सहाजण पुण्यातल्या एका खोलीत आणि दोघं गावाकडून कॉलवर असले की ते दोघं प्रेक्षक होतात. खोलीतले हसतात, पडद्यावरच्यांना विनोद कळत नाही. एकजण जरी दूर असला तरी सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनवरून बोलावं, हा यावरचा बरा तोडगा.

*दृष्टीआड सृष्टी.* गावातून काम करणाऱ्याला सगळ्यांत महाग पडते ती ही गोष्ट. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण तेवढंच चांगलं काम करूनही त्यांना बढती मिळण्याचं प्रमाण ऑफिसातल्यांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आलं. याच कंपनीत नंतर १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग झाला, त्याचे निकाल २०२४ मध्ये आले. आठवड्यात दोन दिवस घरी आणि बाकी ऑफिसात अशा पद्धतीत नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याने घटलं आणि बढतीवर वाईट परिणाम दिसला नाही. बोध सरळ आहे. पूर्ण दूर राहणाऱ्याने आपलं काम दाखवण्याची सोय स्वतः करायला हवी आणि कंपनीने बढतीच्या वेळी ‘समोर दिसतो’ हा निकष बाजूला ठेवायला हवा.

*आपल्यापुरतंच बोलणं.* मायक्रोसॉफ्टने २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांत अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या कामाची माहिती तपासली. सगळे घरी गेल्यावर लोक आपल्या गटातल्यांशी जास्त बोलू लागले आणि दुसऱ्या गटांशी कमी. जवळचे आणखी जवळ आले, लांबचे आणखी लांब गेले. नवी कल्पना बहुतेक वेळा लांबच्याकडून येते, म्हणून हा तोटा लगेच दिसत नाही, वर्षभराने दिसतो.

सीमाभागाच्या खास अडचणी

*रेंज आणि लाइट.* पणजी-म्हापशात फायबर मिळतं, पण पेडण्याच्या आतल्या वाड्यांत, सत्तरीच्या डोंगराळ भागात, दोडामार्गच्या खोऱ्यात रेंज शोधत फिरावं लागतं. कोविडच्या काळात डोंगरावर झोपडी बांधून ऑनलाइन वर्गाला बसणाऱ्या मुलांच्या बातम्या या दोन्ही राज्यांतून आल्या होत्या. दूरसंचाराच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गोवा एकच सर्कल असलं, तरी डोंगराला सर्कल कळत नाही. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोवा आणि सिंधुदुर्गात झाडं पडून वीज गेली आणि लाइटबरोबर नेटही गेलं. जून ते सप्टेंबर हे चार महिने आपल्याकडे तुटक नेट हा अपवाद नसतो, हंगाम असतो. टीमच्या कामाची आखणी तो हंगाम धरून व्हायला हवी : दुसऱ्या कंपनीचं सिम, राउटरला छोटा बॅकअप, जवळच्या गावातलं एखादं ठरलेलं घर आणि ‘नेट गेलं तर साध्या फोनवरून कुणाला कळवायचं’ हे आधीच ठरलेलं.

*सुट्ट्यांचा घोळ.* १ मे ला महाराष्ट्र दिन, १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव, ३ डिसेंबरला गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिन. चतुर्थी मुंबईच्या ऑफिसात एका दिवसाची, पण कोकणात आणि गोव्यात घराघरांतली ती निदान दीड दिवसाची, कुठे पाच, कुठे सात, कुठे अकरा. आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांची आणखी वेगळी तऱ्हा. अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी केली, तर सौदी, कतार, कुवेत, ओमान इथे शुक्रवार-शनिवार. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. एकच सामायिक कॅलेंडर करून त्यात सगळ्यांच्या सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीला भरल्या तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

*घर आणि काम.* ‘घरीच तर आहेस’ हे वाक्य घरून काम करणाऱ्या बाईला रोज ऐकावं लागतं. पाहुणे येतात, गॅसवाला येतो, वायरमन येतो, सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं असतं. पुरुष कॉलवर असला की घर हळू बोलतं; बाई कॉलवर असली की तिला हाक मारली जाते. टीमने कामाचे तास ठरवले, तसे घरानेही ठरवले नाहीत तर तिचं काम रात्री अकरानंतर सुरू होतं.

*राज्याच्या हद्दीपलीकडचा निरोप.* दोन राज्यांच्या यंत्रणांनी मिळून करायची कामं इथे बरीच. तिळारी प्रकल्प महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त. धरण दोडामार्ग तालुक्यात, पाणी पेडणे, डिचोली, बार्देशलाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तिळारी-शापोरा खोऱ्यातल्या इब्रामपूर, साळसारख्या गावांना तडाखा बसला. अशा वेळी धरणावरचा अभियंता, दोन्हीकडचे तहसीलदार-मामलेदार, पंचायती आणि नदीकाठचे लोक ही एकच टीम असते, मग ती कागदावर असो वा नसो. पाणी किती वाजता सुटेल, गावात किती वाजता पोचेल, कुणी कुणाला फोन करायचा आणि त्याने उचलला नाही तर पुढचा नंबर कुणाचा, ही यादी पावसाआधी लागते.

नियम काय सांगतात?

दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी ‘इतर सेवा पुरवठादार’ या वर्गातल्या कंपन्यांची नोंदणीची अट काढली आणि घरून काम करण्याची वाट मोकळी केली. २३ जून २०२१ रोजी हे नियम आणखी सैल झाले. कॉल सेंटर, बीपीओचं काम गावातल्या घरातून करता येतं ते यामुळे.

आरोग्याच्या बाबतीत केंद्राची ‘ई-संजीवनी’ सेवा नोव्हेंबर २०१९ पासून डॉक्टर-ते-डॉक्टर सल्ल्यासाठी आणि एप्रिल २०२० पासून थेट रुग्णांसाठी आहे. रुग्णाचा रिपोर्ट, ग्राहकाचा खातेक्रमांक, विद्यार्थ्याचे गुण अशी माहिती सरसकट ग्रुपवर टाकू नये. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि घरच्या लॅपटॉपवरची माहितीही त्यातून सुटत नाही. घरातल्या पोरांना खेळायला दिलेल्या मोबाइलवर ऑफिसची माहिती नको, एवढी खबरदारी तरी हवीच.

टीम सुरू करण्याआधी ठरवायच्या दहा गोष्टी

१. काम काय, आणि ते झालं हे कशावरून ओळखायचं?
२. शेवटचा निर्णय कुणाचा? तो माणूस नसेल तर कुणाचा?
३. रोज सगळे हमखास भेटतील असे तास कुठले?
४. मेसेज, ईमेल, फोन यांतलं काय कशासाठी?
५. कुठल्या साधनावर किती वेळात उत्तर अपेक्षित?
६. फाइलची खरी प्रत कुठे असते?
७. मीटिंगच्या तीन ओळी कोण लिहितो?
८. नेट किंवा लाइट गेली तर कुणाला, कसं कळवायचं?
९. सगळ्यांच्या राज्यांच्या, देशांच्या आणि घरच्या सणांच्या सुट्ट्या कॅलेंडरमध्ये आहेत का?
१०. वर्षातून किमान एकदा सगळे कुठे आणि कधी भेटणार?

यातल्या एकाही गोष्टीला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक कागद आणि तासभर वेळ पुरतो. टीममध्ये नवा माणूस आला की तो कागद त्याला द्यायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा वाचायचा.

शेवटी

नेटची गती वाढेल, टॉवर उभे राहतील, नवी अॅप येतील. ते हवंच आहे. पण चांगलं नेट असूनही टीम फुटल्याची आणि तुटक्या रेंजवरही काम झाल्याची उदाहरणं प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. एका छपराखाली जे न बोलता समजतं, ते दूर असताना बोलून, लिहून आणि पोच घेऊन समजावं लागतं. एवढं ज्यांनी मनावर घेतलं त्यांना अंतर फारसं नडत नाही.

सीमाभागासाठी यात नुसत्या सोयीचा प्रश्न नाही. तालुक्यात राहून बाहेरचं काम करणारा एक माणूस म्हणजे उघडं राहिलेलं एक घर, गावच्या शाळेत एक-दोन मुलं आणि म्हाताऱ्या आईबापांना रात्री दोन वाजता आरोग्य केंद्रात नेणारं कुणीतरी.